तुमचं कपाट तिकडे आहे

(पुण्यात तरुण वाचकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या बैठकीचं निमंत्रण आलं तेव्हा मी आधी विचारून घेतलं, की माणूस चुकला नाही ना? कारण मी लेखक नाही, प्राध्यापकही नाही. मी इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. त्यावर संयोजक म्हणाले, "लेखक आले की लिहिण्यावर बोलतात. तुम्ही वाचण्यावर बोला. नवी पुस्तकं तुम्हाला सापडतात कशी, एवढंच सांगा."

तेवढंच सांगतो. सुरुवात मात्र पुस्तक न सापडण्यापासून करावी लागेल.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वाढलो. घरात आम्ही दखनी बोलायचो, शाळा मराठी माध्यमाची. सहावीत असताना वर्गातल्या एका मित्राबरोबर गावातल्या वाचनालयात पहिल्यांदा गेलो. त्याने आपलं नाव सांगितलं, त्याला बालविभाग दाखवला गेला. मी माझं नाव सांगितलं. टेबलामागच्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "बाळ, तुमचं कपाट तिकडे आहे." तिकडे म्हणजे जिन्याखाली. तिथे एक लोखंडी कपाट होतं, उर्दू पुस्तकांचं. मला उर्दू वाचता येत नव्हतं. अरबी अक्षरं मकतबमध्ये शिकलो होतो, पण त्या पुस्तकांवरची घसरती, एकमेकांत गुंतलेली नस्तालिक अक्षरं लागेनात. मी दहा मिनिटं त्या कपाटापुढे पुस्तकं चाळल्याचं नाटक केलं आणि घरी आलो.

त्या काकांविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांना वाटलं, मुलाला त्याच्या भाषेतलं काहीतरी द्यावं. अडचण एवढीच, की माझी भाषा कोणती हे त्यांनी मला न विचारता माझ्या नावावरून ठरवलं.

आता घरची बाजू ऐका. पुढच्या आठवड्यात मित्राने त्याच्या कार्डावर मला भा. रा. भागवतांचं 'फास्टर फेणे' आणून दिलं. फुरसुंगीचा बन्या फेणे, सायकल आणि ते 'टॉक'. मी ते जेवताना वाचलं, पांघरुणात वाचलं. अब्बांचे एक चुलतभाऊ घरी आले होते. त्यांनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट केलं आणि म्हणाले, "ये किस्से-कहानियाँ पढ़के क्या मिलने वाला है? कुछ अपना पढ़ो." म्हणजे त्यांनीही मला एका कपाटाकडेच बोट दाखवलं. दिशा वेगळी होती, बोट तेच होतं.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बहुतेकांना हे दोन्ही अनुभव असतील. बाहेरचा म्हणतो, तुमचं तिकडे. घरचा म्हणतो, आपलं इकडे. मधल्या सगळ्या कपाटांत काय आहे, ते तुमचं आहे की नाही, हे कोणी सांगत नाही. आज मला त्या मधल्या कपाटांबद्दल बोलायचं आहे.

माझ्या वयाच्या चोविसाव्या वर्षी ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "काय रे, तुमच्यात मराठीत कोणी लिहितं का?" प्रश्नात खोच नव्हती. त्याला खरोखर माहीत नव्हतं. मी छाती पुढे काढून उत्तर द्यायला गेलो आणि एक नाव घेऊन थांबलो. शाहीर अमर शेख. तेही आमच्या बाजूचे, बार्शीचे, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफ घेऊन उभे राहिलेले, म्हणून माहीत. दुसरं नाव मला येईना. मराठीत शिकलेला, मराठीत स्वप्नं बघणारा मी, आणि मला दोन नावं सांगता आली नाहीत.

त्या रात्री मी इंटरनेटवर 'मुस्लिम मराठी पुस्तके' असं टाकून शोधलं. धर्माची पुस्तकं आली. इतिहासातल्या लढायांची आली. आमच्यावर इतरांनी लिहिलेली आली. कथा नाही, कविता नाही, मुलांसाठीचं एकही नाही. तेच जिन्याखालचं कपाट, फक्त आता ते मोबाइलमध्ये होतं.

असं का होतं, हे मला नंतर माझ्या कामातच कळलं. दोन वर्षं मी खरेदीच्या एका ॲपमध्ये 'तुम्हाला हेही आवडेल' या भागावर काम केलं. त्याची युक्ती साधी आहे. तुम्ही एक पुस्तक घेतलं. तेच पुस्तक घेतलेल्या इतर हजार लोकांनी आणखी काय घेतलं, ते कॉम्प्युटर बघतो आणि तुमच्यापुढे ठेवतो. पुस्तकात काय आहे हे त्याने बघायची गरज नसते. तो गर्दी बघतो.

यात तीन अडचणी आहेत. पहिली म्हणजे कोरी पाटी. आमच्या धंद्यात हिला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. नवं पुस्तक आलं, ते अजून कोणी घेतलेलं नाही, म्हणून ते कोणाला दाखवलं जात नाही. दाखवलं जात नाही, म्हणून कोणी घेत नाही. लहान प्रकाशकाने हजार किंवा त्याहूनही कमी प्रती काढलेलं मराठी पुस्तक या विहिरीत पडलं की वर येणं कठीण.

दुसरी अडचण म्हणजे तुमचीच सावली. मी एकदा मावसभावासाठी स्पर्धा परीक्षेचं गाइड मागवलं. त्यानंतर सहा महिने मला गाइडंच दिसत होती. कॉम्प्युटरच्या मते मी म्हणजे ते गाइड.

तिसरी अडचण खास आपली. रोमन लिपीत 'शेख' हे आडनाव तीन-चार प्रकारे लिहितात. दुकानाच्या यादीत एकाच लेखकाचं नाव तीन प्रकारे नोंदलं गेलं, तर कॉम्प्युटरच्या लेखी ती तीन वेगळी माणसं. एकाची वाचकसंख्या तिघांत वाटली जाते आणि तिघेही यादीच्या तळाला जातात. कोणी कट केलेला नसतो. कोणी लक्ष दिलेलं नसतं, इतकंच.

आणि कपाटंही माणसांनीच लावलेली असतात. जगभरच्या अनेक ग्रंथालयांत पुस्तकांना जे आकडे देतात, ती पद्धत मेलविल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये काढली. त्यात २०० ते २९९ हे आकडे धर्माचे. त्यातले बहुतेक ख्रिस्ती धर्माला मिळाले आणि उरलेल्या जगाचे धर्म २९० च्या घरात दाटीवाटीने बसले. इस्लामचा आकडा २९७. ड्युईला जे जवळचं होतं त्याला त्याने ऐसपैस जागा दिली. आपणही घरात तसंच करतो.

याच्या उलट बाजूला आपला एक माणूस आहे. मद्रासमध्ये गणित शिकवणारे एस. आर. रंगनाथन १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातल्या दोन नियमांचा अर्थ माझ्या शब्दांत सांगतो. प्रत्येक वाचकाचं एक पुस्तक कुठेतरी असतं. आणि प्रत्येक पुस्तकाचा एक वाचक कुठेतरी असतो. यातला दुसरा नियम मला जास्त आवडतो. जिन्याखालच्या कपाटातली पुस्तकंही कोणाची तरी वाट बघत असतात.

तर, इंटरनेटवर हाती काही लागलं नाही म्हणून मी पुढच्या रविवारी अप्पा बळवंत चौकात गेलो. जुन्या पुस्तकांच्या ढिगात अमर शेखांचं काही मिळतं का बघत होतो. मिळालं ते त्यांच्या मुलीचं पुस्तक. मलिका अमर शेख यांचं आत्मचरित्र, 'मला उद्ध्वस्त व्हायचंय', १९८४ चं. तोवर 'आत्मचरित्र म्हणजे थोरांच्या आठवणी' अशी माझी समजूत होती. इथे एक बाई स्वतःच्या संसाराबद्दल, चळवळीबद्दल, नवऱ्याबद्दल काहीही झाकून न ठेवता बोलत होती. ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो.

पण शोधण्याच्या दृष्टीने महत्त्वाचं ते पुढेच आहे. त्यांचे पती म्हणजे कवी नामदेव ढसाळ. म्हणून मी 'गोलपिठा' घेतलं. पन्नास टक्के शब्द कळले नाहीत, पण कविता अशीही असते हे कळलं. त्यावरून दया पवारांच्या 'बलुतं'कडे गेलो. दुसऱ्या बाजूने, मुस्लिम घरांतलं कोकण कोणी लिहिलंय का हे विचारत विचारत हमीद दलवाईंच्या १९६५ च्या 'इंधन' कादंबरीपाशी आलो. तोवर त्यांचं नाव मी फक्त वादांत ऐकलं होतं. ते कादंबरीकार आहेत, एका गावातली माणसं आणि त्यांचे ताणतणाव ते इतक्या जवळून लिहितात, हे मला माहीतच नव्हतं. मागे जात जात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या 'योगसंग्रामा'पर्यंत पोचलो. म्हणजे 'तुमच्यात कोणी लिहितं का' याचं उत्तर चारशे वर्षांचं होतं आणि मला एकच नाव येत होतं.

यातलं एकही पुस्तक मला कुठल्या यादीत मिळालं नाही. एका पुस्तकाने दुसऱ्याचा पत्ता दिला. हीच माझी पहिली आणि मुख्य पद्धत. पुस्तक संपलं की ते लगेच खाली ठेवू नका. प्रस्तावना पुन्हा वाचा. अर्पणपत्रिका वाचा. लेखकाने कोणाची नावं घेतली आहेत ते बघा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लिहून ठेवा, कारण चांगला अनुवादक सहसा पुस्तकंही चांगली निवडतो. प्रकाशकाने मागच्या पानावर इतर पुस्तकांची यादी दिलेली असते, ती जाहिरात म्हणून सोडू नका. त्यातून एक निवडा.

आता प्रकारांविषयी बोलू. आपल्याकडे पुस्तक म्हटलं की एक तर अभ्यासाचं, नाहीतर उपदेशाचं. रहस्यकथा, विज्ञानकथा, भूतकथा, चित्रकथा हे सगळं टाइमपास. मला हे पटत नाही, आणि कारणं सांगतो.

१९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात एक गोष्ट छापून आली. 'सुल्तानाज ड्रीम'. लिहिणारी बाई बंगालची, रुकैया सखावत हुसेन. तिला शाळेत घातलेलं नव्हतं. थोरल्या भावाने रात्री सगळे झोपल्यावर तिला इंग्रजी शिकवलं. तिच्या गोष्टीत एक देश आहे. तिथे सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, ढगांतून पाणी काढून घेतात, हवेतून गाड्या जातात, बायका राज्य चालवतात आणि पुरुष पडद्यात असतात. सौरऊर्जेचा स्वयंपाक, १९०५ मध्ये! पुढे याच रुकैयाने मुलींची शाळा काढली, ती कोलकात्यात नेली आणि घरोघर फिरून मुली गोळा केल्या. गोष्ट आधी आली, शाळा नंतर. तुम्ही मला सांगा, ही गोष्ट टाइमपास होती का? मी ही गोष्ट तिशीत वाचली. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला हिच्याबद्दल कोणीही सांगितलं नव्हतं. ती इंटरनेटवर मोफत आहे आणि एका बैठकीत वाचून होते.

मराठीतलं उदाहरण जयंत नारळीकरांचं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने एक कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे नारळीकर. तेव्हा ते जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ होते, पद्मभूषण होते. स्वतःच्या नावाने पाठवली असती तर परीक्षकांवर दडपण आलं असतं. आपल्याला नावामुळे कपाटं ठरवली जातात याचा त्रास आहे ना? इथे एक मोठं नाव असलेला माणूस नाव बाजूला ठेवून रांगेत उभा राहिला. त्यांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह आठवीनववीच्या मुलाला सहज देता येईल, आणि मोठ्यांनाही तो लहान मुलांचा वाटत नाही.

नावांवरून आठवलं. माझे नाना सोलापुरात यंत्रमागावर काम करायचे. शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत उर्दूत. पण इब्ने सफी यांच्या जासूसी कादंबऱ्या भाड्याने आणून वाचायचे आणि रात्री आम्हा मुलांना इमरानचे किस्से सांगायचे. इब्ने सफी म्हणजे अलाहाबादकडचे असरार अहमद. १९५२ मध्ये त्यांनी 'जासूसी दुनिया' सुरू केली, त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण त्यांच्या कादंबऱ्या दोन्ही देशांत वाचल्या जात राहिल्या. दोनशेहून जास्त लिहिल्या. गंमत अशी, की हिंदीत त्या छापल्या तेव्हा कर्नल फरीदीचा झाला कर्नल विनोद आणि इमरानचा झाला राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला. लाखो हिंदी वाचकांनी विनोद-हमीदची जोडी आपली मानली. म्हणजे गोष्ट चांगली असली की ती कपाट ओलांडून जाते, मग वाटेत नाव बदलावं लागलं तरी. ते बदलावं लागू नये, असं मला वाटतं. तुमच्यातल्या कोणी मराठीत रहस्यकथा लिहिली आणि तिचा इन्स्पेक्टर शेख किंवा तिची हॅकर मुमताज असली, तर मी पहिली प्रत घेईन.

शेजारच्या भाषेकडेही बघा. हसनच्या बानू मुश्ताक वकील आहेत, कन्नडमध्ये लिहितात. दक्षिणेतल्या मुस्लिम घरांतल्या बायकांच्या बारा गोष्टींचं 'हार्ट लॅम्प' हे त्यांचं पुस्तक, इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर त्याला मिळालं. कन्नडला ते पहिल्यांदाच मिळालं आणि कथासंग्रहालाही पहिल्यांदाच. सोलापूरहून हसन काही फार लांब नाही. त्यातली घरं मला माझ्या खालाच्या घरासारखी वाटली. आपण कर्नाटकात लग्नाला जातो, पण तिथलं पुस्तक आपल्या घरी येत नाही.

चित्रकथाही सोडू नका. इराणच्या मार्जान सत्रापीने 'पर्सेपोलिस'मध्ये क्रांतीच्या काळातलं स्वतःचं बालपण काळ्यापांढऱ्या चित्रांत सांगितलं आहे. अमेरिकेत २०१४ पासून 'मिस मार्व्हल' ही सुपरहीरो म्हणजे न्यू जर्सीत राहणारी कमला खान ही मुलगी आहे. तिचे अम्मी-अब्बू तिला रात्री उशिरा पार्टीला सोडत नाहीत, तिथून गोष्ट सुरू होते. हे दुःख तुमच्यापैकी किती जणींना ओळखीचं आहे, ते मला इथूनच दिसतंय.

आता माझ्या चुकीबद्दल बोलतो. ती सांगायची म्हणून मी इतका वेळ घेतला.

दोन वर्षांपूर्वी आपाची मुलगी, माझी भाची, तेरा वर्षांची झाली. मला वाटलं, मला जे मिळालं नाही ते हिला द्यायचं. मी सात पुस्तकं निवडली. सगळी गंभीर, सगळी आपल्या समाजाबद्दलची, सगळी उत्तम. छान कागदात बांधून दिली. महिन्याने विचारलं, कशी वाटली? ती म्हणाली, "मामू, इन सब किताबां में लोगां रोतेच हैं." आणि मग हळूच म्हणाली, "मैं भूतां की पढ़ूँ तो चलता क्या?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "भूतांची कशाला? आपलं काहीतरी वाच."

आपण काय बोललो हे मला घरी परत येताना एसटीत कळलं. अब्बांच्या चुलतभावाचं वाक्य, जसंच्या तसं. वाचनालयातल्या काकांचं बोट, आता माझ्या हाताला. मी तिला कपाट दाखवलं होतं. कपाट चांगलं होतं, पण तिने काय मागितलं होतं हे मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या खेपेला मी रत्नाकर मतकरींच्या गूढकथा घेऊन गेलो. तिने त्या दोन दिवसांत संपवल्या आणि रात्री दिवा लावून झोपली. आपा माझ्यावर रागावली. मग भाचीला कळलं, की याच मतकरींनी 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' ही बालनाटकं लिहिली आहेत. तिने ती मिळवली आणि शाळेच्या गॅदरिंगसाठी त्यातला एक प्रवेश बाईंच्या गळी उतरवला. नाटकावरून कवितेकडे गेली. आणि मागच्या रमजानमध्ये तिने मला फोन करून विचारलं, "मामू, वो मलिका अमर शेख कौन हैं?" मी बांधून दिलेल्या पुस्तकांत ते नाव नव्हतं. तेरा वर्षांच्या मुलीला ते आत्मचरित्र मी दिलं नसतं. तिला ते नाव तिच्या वाटेवर भेटलं. मी म्हणालो, "आधी त्यांच्या कविता बघ, आत्मचरित्र दोन वर्षांनी." तिने ऐकलं की नाही, मी विचारलेलं नाही.

मित्रमैत्रिणींनो, माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याबद्दलची पुस्तकं आपल्याला सापडली पाहिजेत, हा आपला हक्क आहे. पण फक्त आपल्याबद्दलचीच वाचायची, असं बंधन कोणी घालत असेल, तर ते बाहेरच्याने घातलं काय आणि आपण घातलं काय, सारखंच. वाचकाला पूर्ण वाचनालय मिळालं पाहिजे.

आता कामाच्या चार गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक. वाचनालयाचे सदस्य व्हा. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि तालुक्यांतच नाही, अनेक खेड्यांतही अनुदानित ग्रंथालयं आहेत. तिथे हवं ते पुस्तक घेताना त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची दोन पुस्तकंही उघडून बघा. मोबाइलवर हे जमत नाही. तिथे शेजारची पुस्तकं गर्दीने ठरवलेली असतात.

दोन. दिवाळी अंक वाचा. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने ही प्रथा पाडली. नव्या लेखकाची चव बघायला याहून स्वस्त जागा नाही. एका अंकात वीस-पंचवीस लेखक. ज्याची गोष्ट आवडली त्याचं नाव लिहून घ्या. सण आपला नाही म्हणून अंक सोडू नका. शीरखुर्मा प्यायला येणारे मित्र असा हिशेब करत नाहीत.

तीन. घरात लहान मुलं असतील तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीविव्हर' उघडा. २०१५ पासून तिथे सचित्र गोष्टी मोफत आहेत, मराठीत आहेत, उर्दूत आहेत. गोष्ट अनुवाद करून तुम्ही स्वतःही टाकू शकता. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं मुलांपुढे ठेवा. आणि मुलाने एखादं पुस्तक अर्धं सोडलं तर ओरडू नका. मी स्वतः पन्नास पानांचा नियम पाळतो. पन्नास पानांत नाही रमलो, तर पुस्तक परत. पुस्तक वाईट असतं असं नाही, त्याचा वाचक दुसरा असतो.

चार. एक वही करा. तारे नको, गुण नको. पुस्तकाचं नाव, लेखक, कुठे मिळालं आणि तीन ओळी. लेखकाचं नाव नीट, दर वेळी सारखं लिहा, कारण मघाशी सांगितलं ते तीन शेखांचं. ही वही बैठकीत फिरवा. कोरी पाटी भरायची असेल तर पहिल्या ओळी माणसांनाच लिहाव्या लागतात.

शेवटी, त्या जिन्याखालच्या कपाटाचं सांगतो.

तिशीत मी उर्दू लिपी शिकलो. अजूनही बोट ठेवून, अडखळत वाचतो. मागच्या बकरीदला गावी गेलो होतो. भाचीही आली होती. तिला घेऊन मी त्या वाचनालयात गेलो. टेबलामागे आता एक तरुण मुलगी होती. तिने भाचीला फॉर्म दिला आणि विचारलं, "काय वाचायला आवडतं?" वीस-बावीस वर्षांपूर्वी मला हवा होता तो प्रश्न हाच. भाची भूतकथांकडे गेली.

मी जिन्याखाली गेलो. कपाट तिथेच होतं. कुलूप लावलेलं. किल्ली शोधायला पंधरा मिनिटं लागली. आत धूळ होती, कसर लागलेली होती. दुसऱ्या खणात, शेजारी शेजारी लावलेली, नानांच्या इमरानची सहा पुस्तकं होती. सहावीतल्या मुलाच्या हातापासून वीतभर अंतरावर. तेव्हा ती मला वाचता आली नाहीत आणि कोणी सांगितलंही नाही, की यात तुझ्या नानांचा जासूस आहे.

म्हणजे काकांचं एका अर्थी बरोबर होतं. ते कपाट माझंच होतं. फक्त तेवढंच माझं नव्हतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एक पुस्तक आणायचं. अट एकच: तुमच्याकडे बघून कोणालाही वाटणार नाही की हे तुमचं आहे, असं पुस्तक आणा. मी भूतकथा आणणार आहे. भाचीने निवडून ठेवली आहे.